नेमणूक, दरबारखर्च आणि अंतस्थ
(उत्तर कोंकणांतील अंमलदारांच्या मोबदल्याचे कागद कसे वाचावे)

(१)

जुनें दप्तर सोडून बसणाऱ्या संग्राहकांची एक संवय सर्वत्र दिसून येते. रुमालाची गांठ सुटली कीं हात प्रथम शिक्क्याच्या कागदाकडे जातो. सनदा, वतनपत्रें, अभयपत्रें वेगळीं निघतात, त्यांवरील शिक्के वाचले जातात, मित्या ताडून पाहिल्या जातात, आणि मग तीं जपून ठेविलीं जातात. त्याच रुमालांतील तेरजा, झडत्या, ताळेबंद आणि फुटकळ खर्चाच्या यादी मात्र पुन्हां तशाच बांधल्या जातात, किंवा वाण्याच्या पुड्यांसाठीं जातात. त्यांवर शिक्का नसतो, मोठें नांव नसतें, आणि अक्षर घाईचें असल्यामुळें वाचण्यास कष्ट फार पडतात.

या संवयीमुळें एका महत्त्वाच्या प्रश्नाचें उत्तर आपल्या हातून निसटत आहे. सार्वजनिक अधिकार चालविणाऱ्या माणसास त्याच्या कामाबद्दल काय मिळत असे, आणि त्या कामासाठीं झालेला खर्च त्यास कोणाकडून व कसा भरून मिळत असे, हा तो प्रश्न होय. सनदेंतील आंकडा हें या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. उरलेलें अर्धें खर्चाच्या यादींत आहे. आणि जेव्हां जेव्हां कारभार बिघडला तेव्हां तेव्हां तो या दुसऱ्या अर्ध्यांत आधीं बिघडला, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. उदाहरणासाठीं पालघर, माहीम आणि तारापूर हा टापू घेतला आहे. पोर्तुगीज, पेशवे, कंपनी सरकार आणि आजचीं महामंडळें अशा चार तऱ्हांचे कारभार या एकाच किनाऱ्यानें पाहिले असल्यामुळें तुलनेस तो सोयीचा पडतो.

(२)

वसई १५३४ च्या तहानें गुजराथच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली, आणि त्याच शतकांत उत्तरेकडील किनाराही त्यांच्या अंमलाखालीं आला. सिमांव बोतेल्यु यानें १५५४ त तयार केलेला, पोर्तुगीज भाषेंत 'तोंबु' म्हणून ओळखला जाणारा महसूलग्रंथ अभ्यासकांस परिचित आहे. त्यांत वसईसह निरनिराळ्या किल्ल्यांची जमा आणि खर्च नोंदलेला आहे. पोर्तुगीजांच्या अशा यादींत अंमलदाराचें वेतन एका कलमांत येतें, आणि त्याच्या दिमतीचे प्यादे, दिवट्या, दिव्यांचें तेल, छत्री धरणारा माणूस यांचा खर्च निराळ्या कलमांत येतो. आपल्याकडील मशालजी व अब्दागीर यांची आठवण येथें सहज होते. अधिकार हा दिसला पाहिजे, आणि तो दिसण्याचा खर्च अधिकाऱ्याच्या पोटावर पडूं नये, ही कल्पना दोन्ही दरबारांत सारखीच होती.

दोष होता तो नेमणुकीच्या मुळाशीं. किल्ल्याची कप्तानी सामान्यतः तीन वर्षांसाठीं दिली जाई, आणि ती पूर्वी केलेल्या चाकरीचें बक्षीस म्हणून दिली जाई. बक्षीस म्हणून मिळालेला अधिकार मनुष्य बक्षिसासारखाच वापरतो. वेतन लहान, मुदत ठरलेली, आणि वरकड प्राप्तीची मुभा मोठी. त्यामुळें तीन वर्षांत जमेल तेवढें जमविणें हाच कित्येकांचा उद्योग होऊन बसला. या राजवटीनें मराठीस जे शब्द दिले त्यांत 'पगार' हा एक आहे, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

(३)

जानेवारी १७३९ त माहीम, केळवें, शिरगांव, डहाणू आणि तारापूर हीं ठाणीं मराठ्यांनीं घेतलीं. तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यांत वसई चिमाजी आपांच्या स्वाधीन झाली, आणि मोहिमेचा प्रांत मुलकी कारभाराचा प्रांत झाला. शंकराजी केशव फडके यांचें नांव वसईच्या सुभ्याशीं निगडित आहे. पुढें उत्तर कोंकणच्या कारभारांत रामाजी महादेव बिवलकर यांचें नांव वारंवार भेटतें. सुभेदाराखालीं महालोमहालीं कमावीसदार वा मामलेदार, त्यांच्या हाताखालीं कारकून व शिपाई, आणि किल्ल्यांवर हवालदार, सबनीस, कारखाननीस अशी उतरंड होती.

या उतरंडींतील माणसांच्या प्राप्तीचे कागद वाचतांना पहिला अडसर शब्दांचा येतो. 'नेमणूक' म्हणजे आजच्या भाषेंत कामावर नेमणें. त्या काळच्या हिशेबांत मात्र 'नेमणूक' म्हणजे बहुधा ठरवून दिलेली रक्कम. एखाद्या महालाची नेमणूक म्हणजे त्या महालाच्या कारभारावर सालभरांत किती खर्च व्हावयाचा याचा मंजूर आंकडा, आणि त्याची तपशीलवार याद म्हणजे नेमणुकेचा बेहेडा. तसेंच 'तैनात' या शब्दाचें आहे. आज तो पहाऱ्यावर ठेवलेल्या शिपायांविषयीं वापरतात. तेव्हां तो वेतनाविषयींही वापरीत. 'मुशाहिरा' म्हणजे महिन्याचा वा सालाचा पगार, आणि 'रोजमुरा' म्हणजे निर्वाहापुरती वेळोवेळीं दिलेली रक्कम. हे शब्द एकमेकांच्या जागीं वाचले तर एकाच माणसाची प्राप्ती दुप्पट किंवा अर्धी दिसूं लागते.

दुसरा अडसर बेरजेचा. कमावीसदाराच्या नांवापुढें लिहिलेला आंकडा पुष्कळदां त्या एकट्याचा नसतो. त्यांत 'खासा' म्हणजे तो स्वतः, त्याखालीं कारकून, शिपाई, शागीर्दपेशा अशी फोड असते. वरचा आंकडा पाहून कमावीसदार गबर होता असें लिहून टाकणारा लेखक खालची फोड वाचीत नाहीं. शिवाय चाकरी बारा महिन्यांची आणि वेतन दहा किंवा अकरा महिन्यांचें, हा शिरस्ताही त्या काळीं रूढ होता. सालाचा आंकडा बारांनीं भागून महिन्याचा पगार काढणारा म्हणूनच चुकण्याचा संभव फार. आणि पगार कोणत्या नाण्यांत मिळाला व त्यावर बट्टा किती बसला, हें पाहिल्यावांचून दोन गांवांची तुलना करणें व्यर्थ होय.

तिसरी बाब मानाची. पालखी, अब्दागीर, दिवटी यांची मोईन ज्यास मिळे, त्यास ती सुखासाठीं मिळे कीं कामासाठीं? दोहोंसाठीं, असेंच म्हणावें लागतें. पालखी दिली म्हणजे भोयांचा पगारही चालवावा लागे. म्हणून पालखीबरोबर तिच्या खर्चाची नेमणूक करून दिल्याचे दाखले पेशव्यांच्या रोजनिशींत आढळतात. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेले रोजनिशीचे उतारे विसाव्या शतकाच्या आरंभीं छापून निघाले. त्यांत मान आणि त्याचा खर्च हीं दोन कलमें अलग मांडण्याची ही पद्धति वाचकांस पदोपदीं भेटेल.

(४)

नेमणूक ठरविली म्हणजे ती पाळली जाईल असें नव्हे, हें पेशव्यांचा दरबार जाणून होता. त्यासाठीं मामलेदाराच्या कचेरींत दरखदार ठेविलेले असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस अशी आठ असाम्यांची यादी सामान्यतः दिली जाते; प्रत्येक महालीं आठही असतच असें नाहीं. या पद्धतीचें मर्म असें, कीं दरखदाराची नेमणूक हुजुरांतून होई आणि मामलेदारास त्यास काढून टाकतां येत नसे. दिवाणाची निशाणी, मुजुमदाराची मान्यता, फडणिसाची नोंद आणि पोतनिसाचा रोकड हिशेब इतक्या हातांतून जाऊन खर्च पडावा, अशी योजना होती.

शेवटीं सालाचा हिशेब पुण्यास हुजूर दफ्तरांत रुजू होई. तेथें वाजवी ठरलेला खर्च मामलेदारास 'मजुरा' पडे, म्हणजे त्याच्या नांवें वळता होई. गैरवाजवी ठरलेला त्याच्याच अंगावर राही. सर्व महालांच्या जमाखर्चाची एकत्र मांडणी एकबेरीज दफ्तरांत होत असे. झडतीच्या कागदांत 'मजुरा' हा शब्द ज्या कलमापुढें येतो, आणि ज्या कलमापुढें येत नाहीं, त्या दोहोंची यादी करून पाहिली तर सरकार कोणता खर्च कामाचा समजे आणि कोणता चैनीचा, हें आपोआप उघड होतें. ही माहिती कोणत्याही सनदेंत मिळावयाची नाहीं.

(५)

आतां त्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळूं. महालाचा कांहीं खर्च अगोदर ठरवितां येत नाहीं. कोणी अंमलदार वाटेनें जातो, त्याची सरबराई करावी लागते. जासूद येतो, त्यास शिधा द्यावा लागतो. कागद, शाई, तेल लागतें. सणावारीं देवस्थानास कांहीं द्यावें लागतें. या किरकोळ खर्चास 'सादिलवार' म्हणत. मूळ शब्द 'सादिर-वारिद', म्हणजे जाणारे आणि येणारे. नांवावरूनच बाबीचा उगम कळतो. गांवच्या पातळीवर याचेंच भावंड 'गांवखर्च'.

खर्च खराच होता. त्यासाठीं रयतेवर पट्टी बसविणेंही प्रथम गैर मानलें गेलें नाहीं. पण ठरलेल्या वेतनास जशी हद्द होती तशी या पट्टीस नव्हती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीं १८१९ त जो अहवाल लिहिला, त्यांत या गोष्टीची कारणपरंपरा स्पष्ट मांडली आहे. अहवाल घाटावरील मुलुखाचा आहे आणि लिहिणारा विजेत्या पक्षाचा आहे, या दोन गोष्टी ध्यानांत ठेवूनच तो वाचला पाहिजे. तथापि कोंकणांतील कारभाराची घडी त्याच दरबारानें बसविलेली असल्यामुळें त्यांतील वर्णन आपणांसही उपयोगी पडतें.

त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा. मामलेदाराचें उघड वेतन बेताचेंच होतें. त्याची खरी प्राप्ती लपविलेली जमा, खोट्या हजेऱ्या, न दिलेल्या नेमणुका आणि फुगविलेला खर्च यांतून होई. आणि त्यांतही मोठें साधन म्हणजे सादिलवार पट्टी. या पट्टींतील एक बाब 'दरबारखर्च' अथवा 'अंतस्थ'. आरंभीं ही रक्कम हुजुरांतील मुत्सद्दी व हिशेबनीस यांस गुप्तपणें द्यावयाची लांच होती. पुढें तिचा दर ठरला. दर ठरल्यावर ती हिशेबांत लिहिली जाऊं लागली आणि इतर कलमांप्रमाणें तपासलीही जाऊं लागली. पण ती अशी उजळ माथ्यानें वावरूं लागतांच तिचा मूळ उपयोग संपला. लांच तर द्यावीच लागे. म्हणून तिच्यासाठीं आणखी वसूल सुरू झाला. या नाजूक बाबींत तपासनीस फार खोल जात नसत, कारण त्यांचेच हात त्यांत गुंतलेले होते. त्यामुळें मामलेदारानें वरिष्ठांच्या नांवावर जें गोळा केलें त्यांतील मोठा हिस्सा त्याच्याच घरीं राहूं लागला.

ही उतरण संग्राहकांनीं नीट पारखावी. एकाच महालाच्या निरनिराळ्या सालांच्या तेरजा हातीं असतील तर 'दरबारखर्च' हें कलम कोणत्या सालीं प्रथम दिसतें, त्याचा आंकडा केव्हां कायम होतो, आणि कायम झाल्यावर त्याच्या शेजारीं दुसरें कोणतें कलम उगवतें, एवढें पाहिलें तरी कारभाराच्या ऱ्हासाची तारीख सांगतां येईल. एकच सुटी याद हें काम करूं शकत नाहीं. सालोसालची माळ लागते. म्हणूनच फुटकळ यादी विखुरणें हें सनद हरविण्याइतकेंच मोठें नुकसान आहे.

(६)

दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं या रोगावर जो उपाय झाला तो रोगाहून वाईट ठरला. मामलती मक्त्यानें देण्याची चाल वाढली; जो अधिक रक्कम कबूल करील त्यास महाल. मक्तेदारास वेतन देण्याचा प्रश्न उरला नाहीं आणि त्याच्या खर्चाचा हिशेब घेण्याचें कारणही उरलें नाहीं. सरकारास एकरकमी आंकडा दिसे आणि कारभार स्वस्त झाल्याचा भास होई. वस्तुतः वेतन, खर्च, नफा आणि लूट हीं चारी कलमें एका आंकड्यांत बुडालीं, आणि त्यांस अलग करणारा दरखदार निरुपयोगी झाला. मक्त्याच्या सालांतील कागद एकाएकीं कोरडे, त्रोटक होतात, याचें कारण लेखनिकांचा आळस नसून तपशील मागणाराच कोणी राहिला नव्हता, हें होय.

(७)

जून १८१७ च्या पुणें येथील तहानें उत्तर कोंकण इंग्रजांकडे गेलें. माहीम-तारापूरचा धनी आतां एक व्यापारी कंपनी झाली, आणि तिचा कारभार लंडनांतील चोवीस डिरेक्टरांचें मंडळ पाही. या डिरेक्टरांचा मोबदला हा आपल्या विषयाचाच एक अध्याय आहे.

एवढ्या मोठ्या मुलुखाचे हे कारभारी सालाला अवघे ३०० पौंड घेत. अध्यक्ष व उपाध्यक्ष यांस ५०० पौंड. या आंकड्यावरून त्यांच्या निःस्पृहतेची वाखाणणी करणारा वाचक आपल्या सनद वाचणाऱ्या संग्राहकासारखाच फसेल. त्यांची खरी प्राप्ती नेमणुका वांटण्याच्या हक्कांत होती. हिंदुस्थानांत पाठवावयाचे मुलकी उमेदवार व लष्करी कॅडेट निवडण्याचा वांटा दरसाल प्रत्येकाकडे येई; भाऊबंद, मित्र, मतदार यांचे मुलगे त्यावर लागत. या जागांची विक्री होत असल्याचा बोभाटा झाला, तेव्हां १८०९ त पार्लमेंटच्या कमिटीनें चौकशी केली आणि कित्येक जागा पैसे घेऊन विकल्या गेल्याचें उघडकीस आलें. पैसे खाणारे बहुधा मधले दलाल होते, डिरेक्टर नव्हेत. पण ज्या हक्काची किंमत बाजारांत लागते तो हक्क हाही मोबदलाच, एवढें त्या चौकशीनें सिद्ध केलें.

पुढें १८५३ च्या कायद्यानें मुलकी जागा परीक्षेनें भरावयाच्या ठरल्या आणि तो हक्क गेला. त्याच कायद्यानें डिरेक्टरांचें वेतन ५०० पौंड आणि अध्यक्ष-उपाध्यक्षांचें १००० पौंड केलें. आडमार्गाची प्राप्ती बंद करावयाची तर सरळ मार्गाची वाढविली पाहिजे, हा हिशेब त्यांत उघड दिसतो. कॉर्नवॉलिसनें बंगाल्यांत कलेक्टरांचा खाजगी व्यापार बंद करून त्यांचे पगार वाढविले होते, त्यांतील तत्त्वही हेंच.

(८)

आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून अलग झाला. तारापूरचा किल्ला ज्या किनाऱ्यावर उभा आहे, त्याच्याजवळच १९६९ सालीं अणुविद्युत् केंद्र सुरू झालें. १९८७ पासून असलीं केंद्रें चालविण्याचें काम न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आहे. बोईसरची औद्योगिक वसाहत १९६२ त स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची. सुभेदार आणि दरखदार यांच्या जागीं आतां संचालक मंडळें आलीं, पण नेमणूक व खर्च यांचा जुना प्रश्न त्यांच्याबरोबर आलाच.

कंपन्यांच्या २०१३ च्या कायद्यानें त्यास जें उत्तर दिलें आहे तें दफ्तरें वाचणाऱ्यास ओळखीचें वाटेल. सार्वजनिक कंपनीनें संचालक व व्यवस्थापक यांस द्यावयाच्या एकंदर मोबदल्यास निव्वळ नफ्याच्या शेंकडा ११ ही साधारण मर्यादा आहे; हा झाला बेहेडा. सभेस हजर राहण्याबद्दलचा बैठक-भत्ता त्या मर्यादेबाहेर निराळा धरतात, आणि नियमान्वयें तो एका सभेस एक लाख रुपयांहून अधिक असूं शकत नाहीं. सभेस येण्याजाण्याचा खर्च हें तिसरें कलम. तो झाला तेवढाच भरून द्यावयाचा. स्वतंत्र संचालक, जो मंडळांत दरखदाराच्या जागीं असतो असें म्हटल्यास चालेल, त्यास भत्ता, खर्च आणि सभासदांनीं मान्य केल्यास नफ्यावरील कमिशन घेतां येतें. कंपनीचे भाग सवलतीनें घेण्याचा विकल्प मात्र त्यास वर्ज्य आहे. सरकारी कंपन्यांस मोबदल्याच्या मर्यादेचें कलम २०१५ पासून लागू नाहीं, कारण तेथील वेतन सरकारच ठरवितें. आणि केंद्र सरकारच्या कंपन्यांत सरकारच्या वतीनें मंडळावर बसणाऱ्या अधिकाऱ्यास, त्याचा पगार सरकारांतून चालू असल्यामुळें, वेगळा बैठक-भत्ता देत नाहींत.

तीन कलमें अलग ठेवण्याचा हा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न पुढें कोणी केल्यास उत्तर अंतस्थाच्या इतिहासांत आहे. खर्चाची भरपाई ठरीव रकमेनें होऊं लागली कीं ती वेतन होते. वेतन झालें कीं खऱ्या खर्चासाठीं नवें कलम उघडावें लागतें. आणि त्या नव्या कलमाकडे तपासनिसाची दृष्टि काणाडोळा करूं लागली कीं मामलेदाराची कथा पुन्हां सुरू होते. उलट पक्षीं खर्च मुळींच भरून दिला नाहीं, तर ज्याच्या घरीं पैसा आहे तोच अधिकारावर बसूं शकतो, किंवा गरीब अधिकारी रयतेकडून तो खर्च काढतो. म्हणून खर्च भरून द्यावा, पण झाला तेवढा, लेखी, आणि ज्यास अधिकाऱ्यानें काढून टाकतां येत नाहीं अशा माणसाच्या तपासणीखालीं. पेशव्यांच्या दरबारानें हें तत्त्व शोधून काढलें होतें. तें पाळण्याचें बळ शेवटीं त्यास उरलें नाहीं.

(९)

यास्तव उत्तर कोंकणांत दफ्तरें पाहणाऱ्या संग्राहकांस चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, रुमाल सोडतांना कागदांचा मूळ क्रम मोडूं नये; सनद बाहेर काढलीच तर तिच्या जागीं चिठ्ठी ठेवावी. दुसरी, सालोसालच्या तेरजा व झडत्या एकत्र ठेवाव्या, आणि मधलें एखादें साल गहाळ असेल तर तें नमूद करावें. तिसरी, आंकडे उतरून घेतांना एकूण बेरजेवर थांबूं नये. खासा, कारकून, शिपाई, शागीर्दपेशा ही फोड, वेतनाचे महिने, नाणें आणि बट्टा हीं सर्व टिपावीं. चौथी, 'मजुरा', 'सादिलवार', 'दरबारखर्च', 'अंतस्थ' हे शब्द जेथें जेथें येतील तेथें तेथें साल आणि महाल यांसह त्यांची निराळी यादी करावी.

शिक्क्याच्या कागदावर राज्याची इच्छा लिहिलेली असते. रयतेच्या पदरीं त्या इच्छेपैकीं काय पडलें, हें तेल, शिधा आणि जासुदाच्या भत्त्याच्या यादींत लिहिलेलें आहे. माहीम-तारापूरकडील जुन्या घरांच्या माळ्यावर अशा यादींचे रुमाल ज्यांस आढळतील, त्यांनीं ते रद्दींत जाऊं देऊं नयेत, एवढी विनंति करून हें टिपण पुरें करतों.